अनुक्रमांक त्रेचाळीस

कुडतरीच्या तळ्यावरून वारा येतो
आणि ह्या घराच्या खिडक्यांशी थांबतो. त्या बंद.
इन्व्हेंटारचं काम. कोर्टाचा कागद पिशवीत,
भिंग, वजनकाटा, फूटपट्टी,
जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी.
बेचाळीस वस्तू लिहून झाल्या:
शिसवी पलंग, पेजेची तपेली,
मयत बाईंचा चष्मा (किंमत शून्य).

त्रेचाळीस : फुलदाणी. काचेची.

उचलली. वाटलं त्याहून जड.
तळाशी कोवळ्या बिंबलाचा हिरवा,
वर जाता जाता आमसुलाचं पाणी.
मानेजवळ तीन बुडबुडे, एक लांबुळका.
ओठ एका अंगाला कललेला,
फुंकणारा तेवढ्यात
कुणाला तरी हाक मारायला वळला असावा.
बुडाशी व्रण, सळईपासून तोडल्याचा,
घासून गुळगुळीत केलेला, तरी
बोटाला कळतो, बेंबी कळते तसा.
नाव नाही. गाव नाही. साल नाही.

स्विंडनहून फोन. आव्हेलिनो, थोरला.
"नीट बघा, सही असणार.
पप्पांनी लॉरेंसो मार्किशहून आणली, इटालियन पीस आहे."
सही नाही, म्हटलं.
"भिंगानं बघा."
भिंगानंही नाही.
"पण तशी वाटते ना? मग तशी लिहा."

दाराशी जुस्तीना, धाकटी, हात पुसत.
पुसून झालेत, तरी पुसत.
"उणें बरय, शेट," एवढंच.
वस्तू तिला हवी तर भावांचा वाटा तिनं भरायचा,
कायदा असाच आहे,
आणि तिच्याकडे काय आहे ते
अनुक्रमांक एक ते बेचाळीसमध्ये आलेलं नाही.

माझा बाप सोनार होता.
कसोटीवर सोनं ओढलं की ते आपणहून बोलायचं,
खोटं असलं तर जास्तच.
काचेला कस नाही.
दगडावर ओढा, दगड गप्प राहतो,
काच तेवढी जाते.

खोलीत अंधार केला, बॅटरी लावली.
हिरवी पेटली नाही.
राखाडी झाली जराशी, आणि मला हसली म्हणा.

मग उपडी केली, पुन्हा.
आतून चार बोटांवर क्षाराचं वळं, विहिरीच्या पाण्याचं.
बुडाची झीज फक्त अर्ध्या कडेला,
दुसरी बाजू अजून करकरीत.
असं कसं? गोल वस्तू गोल झिजते.

"मांय," जुस्तीना म्हणाली.
"दोळे गेले तिचे. ही तिथं, सायबिणीपुढं, फळीवर.
उचलायला भ्यायची. पुढं ओढायची,
बोट घालून पाणी बघायची,
मग परत आत."
किती वर्षं?
"नऊ." थोडं थांबून : "दिवसातून कितीदा ते विचारू नका."

सही असती तर दोन लाख, अडीचही.
हे मी जाणतो, आव्हेलिनोही जाणतो,
फुंकणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

लिहिलं :
हाताने फुंकलेली. निनावी. देश अनिश्चित.
उंची नऊ इंच. ओठ असमान.
तळाला वापराची झीज, त्यामुळे मूल्यात घट.
रुपये तीन हजार दोनशे फक्त.

खोटं एकही अक्षर नाही.
खऱ्यातलं निवडून घेतलं, इतकंच;
बाप असता तर त्यानं
चष्म्यावरून नुसतं पाहिलं असतं.

पानाखाली सही लागते, मूल्यमापकाची,
पूर्ण नावानिशी. केली.
पेन अडलं, दोनदा गिरवावी लागली.

चव्वेचाळीस : पितळी समई, वात नाही—
ती कुठून आली ह्या घरात, विचारायला मान वळवली
तर जुस्तीना फुलदाणी परत ठेवत होती.
फळीच्या कडेला टेकवली,
आणि दोन बोटांनी आत ढकलली.
लाकडावर काचेचा
तो बारीक, करकरता आवाज.